माळ्यावरची आगगाडी खाली उतरवली आहे. आता काय करू?

माळ्यावरचा | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आमची पुण्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, डिसेंबरअखेर घर रिकामं करायचंय. त्यापायी माळा उपसला. एक घंगाळ, तीन पाटे (वरवंटा एकच) आणि अगदी मागे पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत १९७५ च्या सुमारासच्या जर्मन वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची आगगाडी.

मोठे काका कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते, तेव्हा आणलेली. मार्कलिन या जर्मन कंपनीचं काळं, छोटं, तीन जोड चाकांचं टँक इंजिन, चार मालडबे, खाली पत्र्याची खडी असलेले रूळ आणि निळा ट्रान्सफॉर्मर. वर्षातून एकदाच, दिवाळीत निघायची. किल्ला झाला की त्याच्याभोवती रूळ. महाराज गडावर, मावळे बुरुजावर आणि पायथ्याशी जर्मन मालगाडी. इतिहासाचं काय व्हायचं ते होवो.

माझ्यापुढे दोन रस्ते आहेत.

एक, हे सगळं विकून आजच्या पद्धतीचा डिजिटल सेट घ्यायचा आणि नीट अभ्यास करून बोरघाटाचा देखावा उभारायचा.

दोन, आहे त्यातच जुन्या कॅटलॉगातल्या चित्रासारखा लेआउट करायचा. हिरवा रंगवलेला प्लायवूड, कागदाच्या लगद्याचा डोंगर, एक बोगदा, लाल कौलांचं स्टेशन.

मन दुसऱ्याकडे ओढतंय. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "ते खेळणं झालं रे, मॉडेल नाही." तेव्हापासून डोक्यात किडा. जागा: सहा बाय चारचा दिवाण. अनुभवी लोकांनी सांगा.

खडूस खविस | ४ ऑक्टोबर, रात्री ११:३२

फोटो नाही तर धागा नाही.

मुलुंडची अनुजा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ट्रान्सफॉर्मर प्लगात घातला नाहीत ना अजून? घालू नका! पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरीचं वेष्टण वाळून तडकलेलं असतं, वरून दिसतही नाही. आधी कुणा जाणकाराकडून तपासून घ्या. मग बाकीची तत्त्वचर्चा.

माळ्यावरचा | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

अनुजाताई, घालणारच होतो. बायकोने हात धरला. तुम्हा दोघींचे आभार.

वाफाळलेला चहा | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

डिजिटल घ्या, सरळ सांगतो. जुन्या पद्धतीत रुळात वीज सोडली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळाचे तुकडे तोडून प्रत्येकाला खटका लावत बसा. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिनात चिप, प्रत्येकाला आपला नंबर. रुळातून हुकूम जातो, ज्याचा त्याने ऐकायचा. शिट्टी, वाफेचा आवाज, दिवे, सगळं मोबाइलवरून. २०२० नंतर पत्र्याचे रूळ घेऊन बसणं म्हणजे मिक्सर असताना पाटा-वरवंटा.

खडूस खविस | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:११

त्यांच्याकडे पाटे तीन आहेत. वरवंट्याचं बघा.

सांधेवाला | ५ ऑक्टोबर, दुपारी २:४०

मी रेल्वेत सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. चहावाल्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ज्याला ते कटकट म्हणतात तीच खरी रेल्वे आहे. रुळाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, याला आम्ही ब्लॉक म्हणतो. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. आमच्याकडे नीलचं बॉल टोकन होतं, लोखंडी गोळा. यंत्रातून गोळा निघाला की पुढच्या स्टेशनात तो परत घालेपर्यंत दुसरा निघत नाही. वेताच्या कड्याला पिशवी, पिशवीत गोळा, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने तो कडा धावताधावता हातात अडकवायचा. दंडाला वळ उठायचे.

घरी नातवंडांबरोबर मी गोटी वापरतो. दोन स्टेशनं, दोन मुलं, एक गोटी. ज्याच्या हातात गोटी त्यानेच गाडी सोडायची. मोबाइलवरून हा खेळ करून दाखवा.

मुलुंडची अनुजा | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

गोटी! काका, दंडवत घ्या.

मोहोळकर | ५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मला यातलं काही कळत नाही, पण एकेरी मार्ग म्हटल्यावर राहवलं नाही. आमची नॅरोगेजची बार्शी लाइट! कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि पलीकडच्या फलाटावर ती खेळण्यासारखी गाडी उभी. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर, शेवटी १९२७ ला मिरज. आषाढीला वारकऱ्यांनी इतकी भरायची की गाडी दिसायची नाही, नुसती माणसं सरकताना दिसायची. मी कॉलेजात असताना लातूरहून त्या गाडीने यायचो. एवढी सावकाश की हातातला पेपर जाहिरातींसकट संपायचा.

आता सगळं ब्रॉडगेज. वेळेत पोचतो, बोलायला कुणी नसतं.

तिचं मॉडेल मिळतं का हो कुठे?

खडूस खविस | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४८

विकत मिळेल या भरवशावर राहू नका, पण करता येतं. आता जरा गंभीर होतो, सवय नाही, सांभाळून घ्या.

एचओ हे मॉडेल गाड्यांचं एक माप, म्हणजे १:८७ प्रमाण, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीच्या रुळांचं प्रमाण. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागा: १९.३ मिमी. म्हणजे भारतीय इंजिन एचओच्या रुळांवर ठेवलं की थोराड माणसाने धाकट्या भावाची चप्पल घातल्यासारखं दिसतं. धागाकर्त्यांच्या बोरघाटात पहिली ठेच इथेच लागणार.

आता बार्शी लाइट. ७६२ मिमी भागिले ८७, आले ८.८. आणि एन गेज नावाचा जो छोटा प्रकार असतो त्याचे रूळ ९ मिमीचे! दोन दशांशाचा फरक, कुणाच्या बापाला दिसणार नाही. एन गेजचा चालता सांगाडा घ्यायचा, त्यावर १:८७ चे डबे पुठ्ठ्याचे किंवा थ्रीडी प्रिंटचे चढवायचे. युरोपातल्या छोट्या लायनींसाठी लोक वर्षानुवर्षं हेच करतात. मूर्तिजापूरची शकुंतला, पुलगाव-आर्वी, सगळ्या ७६२ वाल्या याच मापात बसतात. माथेरान मात्र ६१० ची. तिला ७ मिमी लागतात, आणि एनहून छोट्या झेड गेजचे रूळ ६.५ चेच.

मोहोळकर | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

खविसराव, तुम्ही माणूस निघालात की!

स्टुटगार्टची सई | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मी गोपिंगनपासून तासाभरावर राहते. मार्कलिनचं गाव तेच. १८५९ मध्ये सुरुवात झाली ती बाहुल्यांच्या पत्र्याच्या भातुकलीने, गाड्या नंतर आल्या.

धागाकर्त्यांनी किल्ल्याभोवतीच्या गाडीचं लिहिलंय ते वाचून हसू आलं, कारण इथल्या कितीतरी घरांत अगदी हेच चालतं. गाडी नाताळच्या आधी माळ्यावरून उतरते, ख्रिसमसच्या झाडाभोवती रूळ मांडतात आणि जानेवारीत सगळं परत खोक्यात. आमचे घरमालक पंचाहत्तरीचे आहेत. ते म्हणतात, गाडी वर्षभर मांडून ठेवली तर ती फर्निचर होते.

मी हँबुर्गचं मिनियाटुअर वुंडरलँडही पाहिलंय. २००१ पासून वाढवत नेलंय, पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ, विमानतळसुद्धा. तोंडात बोट घालावं असं आहे. पण परतताना मला खेळावंसं वाटलं ते घरमालकांच्या सतरंजीवरच्या गाडीशी.

आणि मित्राला सांगा, पत्र्याचे ते रूळ इथे जुन्या बाजारात खोक्याच्या खोक्याने येतात आणि घेणारे सगळे पांढऱ्या केसांचे असतात. खेळणंच शोधत असतात ते.

वाफाळलेला चहा | ६ ऑक्टोबर, दुपारी १:४०

हे म्हणजे भावनेला हात घालणं झालं. तांत्रिक मुद्दा कुणी खोडला नाहीये. डिजिटल आल्यावर मी तीन वर्षांत जेवढा खेळलो तेवढा आधीच्या दहा वर्षांत नव्हतो. आधी निम्मा वेळ वायरी शोधण्यात जायचा.

मुलुंडची अनुजा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

चहा, तुमचं तुमच्यासाठी बरोबरच आहे. माझं उलट आहे, कारण मला वायरी शोधायलाच आवडतं.

बाबांचा लेआउट होता, चाळीतल्या पोटमाळ्यावर. भाऊ गाडी चालवायचा, मी "बाजूला उभी राहून बघ". का, तर मुलींना शॉक बसतो. बारा व्होल्टचा शॉक! पुढे बाबांची नजर गेली, भावाचा रस गेला आणि बोर्ड माझ्याकडे आला. पहिल्यांदा उलटा करून खालून पाहिला तेव्हा सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, लाल. बाबांना लाल वायरीचं भेंडोळं स्वस्तात मिळालं असणार. दोन पावसाळे लागले मला प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते काढायला. त्यात एक जोडणी सापडली, गाडी गोल फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत येण्याची. दोन रुळांच्या पद्धतीत तिथे हमखास शॉर्ट होतो, कारण डावा रूळ फिरून उजव्याला जाऊन भिडतो. बाबांनी तेवढा तुकडा दोन्हीकडून तोडून उलटसुलट खटका लावला होता. कुणाला न विचारता, पुस्तक नसताना. त्या खटक्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं, "आधी हा, मग तो."

माळ्यावरचे, तुमच्या मार्कलिनला ही भानगड नाही. तिची तिसरी वाट मधून जाते, त्या स्लीपरांवरच्या बारीक ठिपक्यांमधून, आणि दोन्ही रूळ एकच तार धरतात. कशीही वळवा.

न्यू जर्सीचा नाना | ६ ऑक्टोबर, रात्री ११:५५

वरच्या माहितीला माझ्या मूर्खपणाची पुस्ती. मी एका विक्रेत्याकडून "एचओ, सगळ्यावर चालतात" म्हणून जुने मार्कलिनचे डबे घेतले आणि माझ्या दोन रुळांच्या लेआउटवर ठेवले. गाडी मेली. डबे काढले, गाडी जिवंत. ठेवले, मेली. दोन तास इंजिन उघडून बसलो होतो. त्या डब्यांची चाकं आणि आस सगळं लोखंडाचं, मध्ये इन्सुलेशन नाही. म्हणजे प्रत्येक डबा हा चाकांवरचा शॉर्टसर्किट. त्यांच्या रुळांवर चालतं, माझ्या नाही.

बायको म्हणाली, डबे चांगले आहेत की, शोकेसमध्ये ठेव. ठेवले.

सांधेवाला | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

धागाकर्ते, इंजिन साफ करायचं ते असं. वरचं टोपण एका स्क्रूवर असतं. आत मोटारीला दोन ब्रश, एक कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा. ते झिजलेत का पाहा. जुनं तेल गोंदासारखं झालेलं असेल, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. मग शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक दात्याला सुईच्या टोकाने एक थेंब. एक म्हणजे एक. रूळ खोडरबराने घासा. तारेची घासणी अजिबात नको, तिचे केस तुटून मोटारीच्या चुंबकाला चिकटतात.

दिशा बदलायला त्या जातीत जास्त व्होल्टचा धक्का देतात. एरवी १६ पर्यंत चालतं, धक्का २४ चा. आत एक बारीक स्प्रिंग असते. ती जास्त घट्ट असेल तर इंजिन मागे वळायच्या ऐवजी बेडकासारखी उडी मारेल. घाबरू नका, स्प्रिंग किंचित सैल करा.

माळ्यावरचा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मंडळी, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रगती: ट्रान्सफॉर्मर तपासायला दिला. "वायर बदलेपर्यंत हात लावू नका," असं उत्तर आलं. अनुजाताई, पुन्हा एकदा आभार.

आठच्या आकड्याचा आराखडा काढतोय. एक लूप दुसऱ्याच्या वरून पुलाने. वळणाची त्रिज्या ३६ सेंमी. बोरघाटाचा ३७ ला १ चा चढ तरी खरा ठेवावा म्हणतो. जमेल?

खडूस खविस | ७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

गणित करा की राव. ३६ च्या त्रिज्येचा आठ म्हणजे एकूण घेर पावणेपाच-पाच मीटर. पुलाखालून निघून पुलावर पोचायला त्याचा निम्माच भाग मिळतो, साधारण २४० सेंमी. खालून गाडी जायची तर रुळापासून रूळ ८ सेंमी उंच हवा. पुलाच्या वर-खाली थोडा सपाट तुकडा सोडला की चढायला उरतात दोनच मीटर. २५ ला १.

तात्पर्य, तुमची दिवाणावरची मालगाडी खऱ्या बोरघाटापेक्षा कडक चढ चढणार. त्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावी लागतात. तुम्ही मुलगा लावा.

माळ्यावरचा | ७ ऑक्टोबर, रात्री ११:२१

मुलगी आहे. नववीत. बँकर व्हायला तयार नाही, म्हणते गार्ड होईन.

मोहोळकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:००

अवांतर: घाटातलं ते जुनं विजेचं इंजिन आठवतं का कुणाला? लांब नाकाचं, दोन्हीकडे.

सांधेवाला | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

खेकडा! जीआयपी रेल्वेने १९२८ पासून मालगाड्यांसाठी आणलेली. काही स्वित्झर्लंडच्या विंटरथुरला बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. चालताना बाहेरच्या दांड्यांचा असा काही आवाज की दिसायच्या आधी कळायचं. त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे.

स्टुटगार्टची सई | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

काका, इथे स्विस 'क्रोकोडिल' म्हणतात ते त्याचंच भावंड दिसतंय. तेही विंटरथुरचंच. मार्कलिनच्या मॉडेलांमध्ये त्याचा मान फार मोठा. म्हणजे तिकडे मगर, आपल्याकडे खेकडा.

वाफाळलेला चहा | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:४४

कोकणच्या वाटेवरचं इंजिन असतं तर बांगडा म्हणाले असते.

न्यू जर्सीचा नाना | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

डोंगर-झाडांबद्दल कुणीच बोलत नाहीये, आणि मला तेवढंच येतं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून तीन थर, वर प्लास्टरचा हात. गवताला विकतची पावडर नको. जुना लुक हवा ना? सुताराकडचा बारीक भुसा चाळा, हिरव्या पोस्टर कलरमध्ये भिजवा, वाळवा. किंचित चुकीचा हिरवा येतो, आणि नेमका तोच जुन्या कॅटलॉगातला. माती म्हणून चहाचा चोथा, पण खडखडीत वाळवून, नाहीतर बुरशी. झाडांना घोसाळ्याची वाळलेली जाळी, फाडून रंगवली की झालं झाड.

बर्फ म्हणून रवा वापरू नये. का ते विचारू नये.

मुलुंडची अनुजा | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२५

का?

न्यू जर्सीचा नाना | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३१

मुंग्या. आधी डोंगरावर, मग बोगद्यात, मग इंजिनात.

खडूस खविस | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१२

किल्ल्यासारखे अळीव पेरा. रोज पाणी घाला. ठिणग्या फुकट.

प्रभातरोडचा पक्का | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

कुणीच म्हटलं नाही म्हणून मी म्हणतो: कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं. सिग्नल, केबिन, रोप-वे, सगळं चालतं. पुण्यात राहून तिथे न जाता इथे विचारत बसलात?

आणि मुख्य प्रश्न. डिसेंबरमध्ये घर सोडताय आणि आता लेआउट बांधताय? भाड्याच्या घरात सहा बाय चारचा डोंगर नेणार कसा?

माळ्यावरचा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पक्के पुणेकर भेटले. धन्यवाद. म्युझियम मुलीला घेऊन पूर्वी पाहिलंय, रविवारी पुन्हा जातो.

घराचा मुद्दा रास्त. मी तो स्वतःपासूनच लपवत होतो. सुताराशी बोललो. तीन बाय चारच्या दोन पाट्या, मध्ये बिजागऱ्या, पुस्तकासारखी मिटणारी. डोंगर चिकटवायचा नाही, उचलून ठेवायचा. रूळही नुसते अडकवायचे. दिवाळीला मांडायचं, नंतर मिटून कपाटामागे. सईताईंच्या घरमालकांना नमस्कार सांगा.

सांधेवाला | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

बिजागरीच्या सांध्यावर रूळ नेमके समोरासमोर यायला हवेत. तिथे दोन पितळी खुंट्या बसवा, दार अडकवतात तशा. अर्धा मिलिमीटर चुकलं तरी गाडी घसरेल.

माळ्यावरचा | २ नोव्हेंबर, रात्री १२:५०

धागा वर काढतोय. उशीर झाला, कामाचा रगाडा होता.

चालली.

नवी वायर घातलेला ट्रान्सफॉर्मर परत आला. इंजिनातून काळं डांबर निघालं, ब्रश बदलले, एकेक थेंब तेल. पहिल्या धक्क्याला सांधेवाल्या काकांनी सांगितलं तश्शी उडी मारली आणि रुळावरून खाली गेली. स्प्रिंग सैल केली. दुसऱ्यांदा दिवा लागला, इंजिन गुरगुरलं, फूटभर गेलं, थांबलं. रूळ पुन्हा घासले. तिसऱ्यांदा आख्खा आठ. चढावर दोन डबे निघतात, तिसरा लावला की चाकं जागीच फिरतात, त्यामुळे खविसरावांचा बँकर अजून हवा आहे. जळक्या तेलाचा आणि विजेचा तो वास मात्र तोच, हुबेहूब. मी चौथीत गेलो एकदम.

नानांच्या पद्धतीचा डोंगर मुलीने केला. हिरवा अगदी चुकीचा आलाय, म्हणजे बरोबर आलाय. महाराज यंदा त्याच डोंगरावर बसले. बोगद्याला मात्र एक बाजू थोडी अरुंद झाली, तिथे घासतं. परवा कापेन.

गोटीचा नियम लागू केला. मुलगी एका स्टेशनवर, मी दुसऱ्या. तिने पहिल्याच दिवशी गोटी खिशात टाकली आणि क्लासला निघून गेली. दोन तास वाहतूक बंद.

ऑफिसातला मित्र फराळाला आला होता. "खेळणं" म्हणणारा. त्याला गोटी दिली. रात्री अकराला बायकोचा फोन आल्यावर गेला.

वाफाळलेला चहा | २ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मान्य. पण दुसरं इंजिन घ्याल तेव्हा मला विचारा.

मुलुंडची अनुजा | २ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

वायरी वेगवेगळ्या रंगाच्या लावल्यात ना?

माळ्यावरचा | २ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

लाल आणि तपकिरी. शिवाय खाली पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय.

मोहोळकर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

स्टेशनांची नावं काय ठेवलीत?

माळ्यावरचा | २ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

एकाची पाटी जर्मन आहे, मूळ सेटमधली, तशीच ठेवली. दुसऱ्याची कोरी होती. आईचं माहेर बार्शीचं. ती खुर्ची ओढून बसली, दोन फेऱ्या नुसत्या पाहिल्या आणि म्हणाली, "कुर्डुवाडी लिही. इथेच बदलायची असते गाडी."

मोहोळकर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:४४

आईंना नमस्कार सांगा. फोटो टाका पाटीचा.

खडूस खविस | २ नोव्हेंबर, सकाळी ९:४६

४ ऑक्टोबरपासून मागतोय.